डाव्या चाकाचा आवाज

भोइरांच्या नव्याकोऱ्या गाडीतून आवाज यायला लागला आणि त्याचं खापर निशिगंधाच्या डोक्यावर फुटलं, याला आता दोन महिने होत आले होते. गाडी कुठली, दिवाळी पाडव्याला घेतलेली, जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेली. सीटवरची प्लास्टिकची आवरणंसुद्धा अजून काढली नव्हती. अशी उंचपुरी, भारी गाडी वळणावर करकरायला लागली म्हणजे कोणीतरी काहीतरी केलेलं असणारच की! आणि ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हे बाळकुमच्या त्या अठराव्या मजल्यावर कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. सून. दुसरं कोण असतं?

तशी माणसं वाईट नव्हती. सासरे परशुराम भोईर, त्यांच्या वाडवडिलांची थोडी शेती आणि बाकी मिठागरातली मजुरी. शेतावर टॉवर उभा राहिला आणि त्यातले फ्लॅट यांच्या वाट्याला आले. देवेश एकुलता एक. निशिगंधा कल्याणची, एसटीतल्या मेकॅनिकची मुलगी, मूळची कोकणातली. ठाण्यात कॉलेजात असताना दोघांचं जमलं, आणि ‘ती आपल्यातली नाही’ हे बोलून बोलून सगळे दमले तेव्हा कुठे लग्न लागलं. त्याला तीन वर्षं झाली. ती माजिवड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. रिक्षाने जायची, रिक्षाने यायची. गाडीचं लायसन मात्र तिच्याकडे कॉलेजपासून होतं आणि पर्समध्ये पडून पडून त्याचे कोपरे झिजले होते.

जानेवारीत एकदा देवेश तापाने पडला होता, तेव्हा तिने चावी मागितली आणि त्याने तापाच्या भरात ती दिली. ती माजिवड्याला गेली, दिवसभर गाडी लॅबखाली लावली, संध्याकाळी परत आली. कुठे घासली नाही, कुठे आपटली नाही. गेटमधून आत शिरताना बाकड्यावरच्या बायका माना वळवून बघत होत्या आणि निशिगंधाला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. का वाटू नये? त्या आठवड्यात ती आणखी दोनदा गाडी घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात आवाज सुरू झाला.

आधी नुसतं टक, टक, टक, चाक फिरेल तसं. मग महिन्याभराने वळणावर कट-कट-कट, अडकित्त्यात सुपारी कातरावी तसं. देवेश गाडी घेऊन घोडबंदर रोडच्या सर्व्हिस सेंटरला गेला. त्यांनी लॅपटॉप जोडला, लॅपटॉपला काही सापडलं नाही, त्यांनी गाडी धुऊन दिली आणि नवीन गाडी आहे, सेट होतेय म्हणाले. दुसऱ्यांदा गेला तेव्हा गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या एका शहाण्याने विचारलं, गाडी आणखी कोण चालवतं? देवेश म्हणाला, मिसेस चालवते कधीकधी. झालं! शहाण्याला एकदम सगळं उमगलं. मॅडम गाडी पुरती थांबायच्या आतच रिव्हर्स टाकत असणार, म्हणाला, लेडीजचं असंच असतं. गाडीखाली वाकून बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी, एसीत बसून.

त्या दिवसापासून दुसरी चावी देवेशच्या कपाटात गेली. तो ओरडला वगैरे नाही. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं. ती काही बोलायला गेली की म्हणायचा, अगं मी कुठे रागावलोय, होतं असं. आणि या समजूतदारपणाने निशिगंधाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लेकी बोले सुने लागे म्हणतात. सासूबाईंना, सगुणाबाईंना, लेक नव्हती, त्या फोनवर बहिणीला बोलायच्या. बायांच्या हातान गारी दिली का असाच व्हतं, म्हणायच्या, आणि ते स्वयंपाकघरापर्यंत बरोबर पोचायचं. परशुराम काही बोलायचे नाहीत. पण सून परत रिक्षाने का जाते म्हणून शेजाऱ्याने विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले, शिकतेय अजून. तिला सगळ्यात जास्त ते लागलं. शंभरदा सांगून झालं होतं तिचं की मी काही केलं नाही. शंभर वेळा सगळ्यांनी मान डोलावली होती.

शेवटी एका सकाळी चहाच्या टेबलावर तिने सांगून टाकलं की गाडी बाबांना दाखवू या.

तिचे बाबा, सहदेव साळवी, एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात होते. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठला बेअरिंग गेलाय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. एकदा गणपतीच्या गर्दीत साहेबाने ब्रेक धड नसलेली गाडी पास करायला सांगितली तर सहदेवांनी सही केली नव्हती. ‘मी बसणार नाही त्या गाडीत दुसऱ्याची पोरं कशी बसवू?’ एवढंच म्हणाले आणि हात पुसत बाहेर जाऊन उभे राहिले. त्यापायी दोन वर्षं बढती लांबली. निशिगंधा तेव्हा चौथीत होती. तिने ही गोष्ट अख्ख्या वर्गाला सांगितली होती.

देवेशला सासऱ्यांच्या कानाबद्दल आदर होताच. तो लगेच तयार झाला, आणि आईबापांसमोर म्हणाला, “बाबा सांगतील ते शेवटचं. ते म्हणाले तुझी चूक नाही, तर दुसरी चावी तुझी. परत या घरात कोणी एक शब्द काढणार नाही.”

सगुणाबाईंनीही मान हलवली. निशिगंधाला वाटलं, सुटले.

रविवारी ते कल्याणला गेले. मालनने, म्हणजे निशिगंधाच्या आईने, वडे-सागोतीचा बेत केला होता आणि विहीणबाईंनाही घेऊन या म्हणून मुद्दाम फोन केला होता. त्यामुळे सगुणाबाईही आल्या, येताना सुक्या बोंबलांची भलीमोठी पिशवी घेऊन. परशुरामांची सोसायटीची मीटिंग होती, ते राहिले.

साळव्यांच्या रामबागेतल्या दोन खोल्यांत चहा झाला आणि सहदेवांनी डॉक्टरने विचारावं तसं विचारायला सुरुवात केली. आवाज सकाळी गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? सरळ रस्त्याला येतो की वळणावर? कुठल्या वळणावर, उजव्या की डाव्या? ब्रेक मारला की थांबतो? देवेश सांगत होता, ते ऐकत होते, मध्येच नाकाने हं करत होते. मग ते उठले, जुनी पँट चढवून, खिशात पक्कड-फडकं घालून आले. देवेश चावी घेऊन उठला तर त्याला त्यांनी बसवलं.

“तुम्ही आराम करा, देवेशराव. जिच्या हातून आवाज येतो म्हणता, तिच्याच हातून ऐकू दे मला.”

निशिगंधाचा ऊर भरून आला. कित्येक दिवसांनी स्टिअरिंगला हात लागत होता, आणि शेजारी बाबा होते.

गांधारीकडच्या रुंद रस्त्याला रविवारी फारशी वर्दळ नसते. सहदेवांनी तिला नव्या टॉवरच्या कंपाउंड भिंतीला लागून हळू चालवायला लावलं, काचा खाली करून. भिंत आवाज परत देते, म्हणाले. आधी भिंत उजवीकडे, मग वळवून डावीकडे. डावीकडे भिंत आली तसे ते सावरून बसले. पुढे एका मोकळ्या जागेत त्यांनी तिला स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवून गोल गोल फिरायला सांगितलं. कट-कट-कट-कट. मग पूर्ण डावीकडे. आवाज जवळजवळ गेलाच.

“पुढचं डावं चाक,” ते म्हणाले. “थांबव. चाक असंच वळलेलं राहू दे.”

उतरून ते चाकाशी उकिडवे बसले आणि मोबाइलचा टॉर्च मागे मारला. चाकाची आतली बाजू काळ्या ग्रीसने बरबटली होती. इंजिनाची ताकद ज्या दांड्यातून चाकाला मिळते त्याच्या टोकाशी एक सांधा असतो, आणि त्या सांध्यावर घड्याघड्यांचं रबराचं टोपण असतं. टोपणाने ग्रीस आत ठेवायचं, धूळ बाहेर ठेवायची, एवढंच त्याचं काम. ते रबर एका घडीत चाकूने कापावं तसं अर्धं फाटलं होतं. आणि फाटलेल्या त्या घडीत काहीतरी रुतून बसलं होतं. सहदेवांनी पक्कड आत घातली, दोनदा हिसडा दिला आणि ते बाहेर काढून तळहातावर घेतलं.

काळा दोरा. त्यात पातळ तार पिळून घेतलेली. तारेत ओवलेला बिब्बा, कोळशाचा तुकडा आणि घोड्याच्या नालेचा खिळा.

निशिगंधाने ते पाहिलं आणि तिला सगळं लख्ख आठवलं. गाडी आली तेव्हा सगुणाबाईंनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. देवेशने ती काढून फेकली होती, एवढ्या भारी गाडीला हे गावठी दिसतं म्हणून. माउली गप्प बसली. पण जानेवारीतल्या अवसेला, भल्या सकाळी, निशिगंधा लॅबला निघताना त्या खाली पार्किंगमध्ये गाडीच्या चाकाशी बसलेल्या तिला दिसल्या होत्या, शेजारी हळदकुंकवाची तबकडी. चाकाला कुंकू लावत असतील, असं तिला वाटलं होतं. चाक वळलेलं असलं की मागून हात सहज आत जातो. मुलाला दिसणार नाही अशी जागा शोधून त्यांनी नजर न लागण्याची व्यवस्था केली होती, आणि बांधली होती ती नेमकी फिरणाऱ्या सांध्यावर! सुरुवातीचं टकटक म्हणजे हा खिळा आतल्या लोखंडावर आपटत होता. मग प्रत्येक वळणाला रबर आवळत गेलं, तारेने ते कापत आणलं, ग्रीस उडालं, धूळ आत गेली आणि सांधा झिजायला लागला.

निशिगंधा हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला सासूचा रागसुद्धा आला नाही, उलट कीव आली. बिचारीने पोराच्या काळजीने केलं. कोणाला नावं ठेवायची नव्हती तिला, कोणाची फजिती करायची नव्हती. एवढंच हवं होतं की बाबांनी वर जाऊन सांगावं, पोरीने काही केलेलं नाही.

“कोणी बांधलं हे?” सहदेवांनी विचारलं.

“मम्मींनी. दुसरं कोण?”

“त्यांना ठाऊक आहे, हे यानं झालंय?”

“छे, कसं असणार? कोणालाच नाही.”

सहदेवांनी ते फडक्यात गुंडाळलं आणि पँटच्या खिशात घातलं. “बघतो मी, कसं सांगायचं ते,” म्हणाले. निशिगंधाने मान हलवली. बाबा शब्द जपून वापरणार, विहीणबाईंना लागू नये म्हणून. बरोबरच होतं. परत येताना तिने गाडी सावकाश चालवली, सांध्याला त्रास नको म्हणून, आणि सिग्नलला उभी असताना उगाच आरशात स्वतःकडे पाहून घेतलं.

घरी पानं वाढलेली होती. देवेशने ताटावरूनच विचारलं, काय निघालं बाबा? सगुणाबाई वडा मोडायच्या थांबल्या. मालन दारात पळी घेऊन उभी राहिली. सहदेवांनी हात धुतले, नॅपकिनला पुसले, एकेक बोट सावकाश पुसलं.

“डाव्या चाकामागचं रबर फाटलंय,” ते म्हणाले. “कुठेतरी जोरात आदळलीय, नाहीतर फुटपाथवर चढलीय. सांधा खराब झालाय, बदलावा लागेल. कंपनीचा दोष नाही त्यात.” मग त्यांनी जावयासमोर हात जोडले, खरोखर जोडले. “पोरीचा हात नवा आहे, देवेशराव. चूक झाली तिची. सांभाळून घ्या.”

निशिगंधाला आधी वाटलं, ते पुढे काही बोलणार आहेत. ते पाटावर बसले आणि मालनला म्हणाले, वाढ.

आता तुम्ही म्हणाल, ती का बोलली नाही? तोंड होतं की तिला. हो, होतं. पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? बाबा खोटं बोलतायत म्हणायचं, सासूसमोर, नवऱ्यासमोर? बापाच्या खिशात हात घालून ते फडकं ओढून काढायचं आणि ताटांच्या मध्ये ठेवायचं? जन्मभर ज्याच्या खरेपणाची फुशारकी मारली त्याला जेवणाच्या पंगतीत लबाड ठरवायचं? ते तिच्याच्याने झालं नाही. बापाला हे पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याने हे केलं.

“आठवतंय का गं कुठे आदळली ते?” देवेशने विचारलं. अगदी मायेने विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. सहदेव सोडून.

“असेल कुठेतरी,” ती म्हणाली.

सगुणाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांचं मन काही दगडाचं नव्हतं. दोन महिने जे घुसमटत होतं ते एकदाचं मोकळं झालं होतं, आणि चूक कबूल केलेल्या सुनेवर राग धरण्यातल्या त्या नव्हत्या. त्यांनी आपल्या ताटाजवळचा गरम वडा उचलून निशिगंधाच्या पानात घातला.

“जाव दे गो पोरी,” त्या म्हणाल्या. “नवा हात हाय, चुकतंच. मना काय बी राग नाय. फकस्त आता चावी मागू नको.”

देवेश हसला. सहदेवही हसले, विहीणबाईंच्या मोठ्या मनाबद्दल दोन शब्द बोलले. आणि निशिगंधाला माफी मिळाली. जिच्या हाताने झालं तिने दिली, आणि ज्याला सगळं माहीत होतं त्याने तिच्या वतीने हात जोडून घेतली. तिने तो वडा खाल्ला. टाकला असता तर ‘अजून फुगलीय’ म्हणाले असते.

निघायच्या वेळी देवेश आईला धरून पुढे उतरला. जिन्यात बापलेक मागे राहिले. सहदेवांनी तिच्या खांद्याला हात लावला आणि घाईघाईने, दबक्या आवाजात सांगायला लागले. विहीणबाईंचं नाव काढलं असतं तर मायलेकांत वाजलं असतं, आणि राग कोणावर निघाला असता? तुझ्यावर. आधीच तू त्यांच्यातली नाहीस, आज ना उद्या ते बाहेर निघालंच असतं. देवेशराव चांगला माणूस आहे, आठ दिवसांत विसरेल. शेवटी गाडी म्हणजे लोखंड आहे गं, संसार मोठा. या एवढ्याशा गोष्टीसाठी…

एकतीस वर्षं कुठल्या साहेबाला न भ्यालेला माणूस बोलताना खालच्या मजल्याकडे बघत होता, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. मुलीचा बाप झाला की असं होतं, असं लोक म्हणतात. म्हणोत. जळो तो बाप आणि जळो ती रीत!

“बाबा,” निशिगंधा म्हणाली, “उद्या माझ्या अंगावर काही आलं, तरी हेच सांगाल ना तुम्ही?”

सहदेव नेहमीचं वाक्य म्हणाले, पोचलीस की फोन कर.

गाडीत सगुणाबाई पुढे बसल्या, निशिगंधा मागे. देवेश खुशीत होता. वळणावर आवाज आला तेव्हा त्याने मागे पाहून डोळे मिचकावले आणि म्हणाला, आता निदान कळलं तरी. दुर्गाडी गेली, कोनगाव गेलं, भिवंडी बायपासचा ट्रॅफिक लागला. निशिगंधा खिडकीबाहेर बघत होती. उजवं वळण आलं की ती मनातल्या मनात आवाज मोजत होती, थेट बाळकुमच्या फाट्यापर्यंत.

घरी पोचल्यावर तिने फोन केला नाही. संध्याकाळी ती भाजी चिरत असताना बाबांचाच आला. तिने ओल्या हाताने स्क्रीनकडे पाहिलं आणि वाजू दिला. दोन मिनिटांनी देवेशचा फोन वाजला. तो बाल्कनीत गेला, हसत हसत बोलायला लागला. सांधा कितीपर्यंत बसेल, ओरिजिनल घ्यावा की बाहेरचा, तोवर गाडी हळू चालवली तर चालेल का. चांगली वीस मिनिटं दोघं गाडीबद्दल बोलत होते.